जुळणारा नंबर

लारिसाच्या आजारी वडिलांची महायुद्धातली रायफल जुन्या बंदुका विकणाऱ्या मर्व्हने "गंजकं लोखंड आहे हो, काका," म्हणत व्हिस्कीच्या एका बाटलीच्या बदल्यात उचलली. म्हातारा शेवटपर्यंत ती परत मागत राहिला.

रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा सुटा भाग, मात्र घरीच राहिला होता. दोन्हींवरचा नंबर जुळला तरच संग्राहक तिला अस्सल मानतात. म्हणून रेजायना शहरातल्या जुन्या शस्त्रांच्या दर प्रदर्शनात मर्व्ह लारिसाच्या मागे लागायचा.

"आता तरी दे ना, पोरी! मागशील ते देतो."

आठ वर्षांनी, या रविवारी, तिने रुमालात गुंडाळलेला बोल्ट त्याच्या हातावर ठेवला.

"घ्या. फुकट."

मर्व्हने डोळे पुसत रुमाल उलगडला.


नंबर तिने कानशीने घासून गुळगुळीत करून टाकला होता.