निळं पीस

कोर्टाच्या कारकुनाच्या देखत हेस्टरनं फिल्म धुतली आणि खिडकीशी धरली. काळ्या मखमलीवर एक पीस. लाल काचेतून टिपलेल्या प्रत्येक चौकटीत ते काळंभोर होतं. म्हणजे निळंच असणार, या धास्तीत तिनं बाकीच्या चौकटी पाहिल्याच नाहीत.

फिल्म काळी-पांढरीच असायची, चौकटी आळीपाळीनं लाल आणि हिरव्या काचेतून टिपलेल्या. रंग यायचे ते पडद्यावर, दिव्यापुढे फिरणाऱ्या लाल आणि हिरव्या काचांमधून. सृष्टीतले सगळे रंग या दोनच काचा दाखवतात, असा तिच्या नवऱ्याचा, अँब्रोजचा, दावा होता आणि त्याचं पेटंट त्यावरच उभं होतं. परसातला कोबी पडद्यावर असा उमटे की ब्रायटनच्या शेजारणी म्हणत, सुरी आणा गं. निळा तेवढा कधी धड आला नाही. अँब्रोज ते स्वतःशीही कबूल करत नसे.

पेटंट रद्द करा म्हणून खटला झाला, तेव्हा विरुद्ध बाजूचे वकील थ्रिप यांनी नेमकं तेच धरलं. भर कोर्टात त्यांनी अँब्रोजला विचारलं, "मिस्टर प्लेज, तुमच्या समुद्राला कावीळ झालीय का?" लोक पोट धरून हसले. तेव्हापासून अँब्रोज भरल्या ताटावरून उठून जाई.

अखेर न्यायमूर्तींनी ठरवलं, आपल्या घरची एक वस्तू ते कुणाला न दाखवता बंद खोलीत चित्रित करून घेतील. पडद्यावर तिचा खरा रंग आला तर पेटंट राहील, नाहीतर रद्द.

यंत्राच्या काचा पुसायचं काम हेस्टरचंच. कोर्टात फिल्म दाखवायच्या दिवशी सकाळी तिनं हिरवी काढून तिथं निळी बसवली. पिसामागे नुसती काळी मखमल. ना आभाळ, ना कुणाचा चेहरा. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. अँब्रोजला मात्र ती काही बोलली नाही. त्याला खोटं पेलत नसे.

दिवे मालवले. यंत्र घरघरलं. पडद्यावर पीस उमटलं, निळंशार.

थ्रिपसाहेबांची खुर्ची करकरली, तेवढाच आवाज. अंधारात अँब्रोजनं तिचा हात घट्ट धरला.

"बघ, हेस्टर. म्हणत होतो ना मी, दोन पुरतात."

"हो रे," ती म्हणाली.

दिवे लागले. न्यायमूर्तींनी घरून आणलेल्या वस्तूची बंद पेटी जवळ ओढली.

"निळ्याची तयारी करून कुणीही येईल, म्हणून मी निळा मुद्दामच टाळला," असं म्हणत त्यांनी बायकोच्या हॅटवरचं हिरवंगार पीस वर धरलं.