तयार ठेवलेला लेख

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला चांगलीच धाप लागली. कडेवर नऊ महिन्यांची पोरगी, खांद्याला लंगोट-दुपट्यांची पिशवी. दार उघडून उभी असलेली बासष्ट वर्षांची गायिका तिला आपादमस्तक न्याहाळत म्हणाली, "या जिन्यात भले भले बसतात. मी चाळीस वर्षं सिगारेटी ओढून पास आहे हो."

ती हसली. हसताना कसनुसं झालं, ते पोरीच्या टोपड्याआड लपवलं.

या दाराची स्वप्नं ती पंधराव्या वर्षापासून बघत होती. गायिकेला लोक 'करवत' म्हणत, तिच्या आवाजावरून. पंक रॉक म्हणजे नुसता कल्ला, असं म्हणणारेही करवत गायला लागली की गप्प बसत. दादाने आणलेली तिची कॅसेट ऐकून या बुजऱ्या पोरीने स्वयंपाकघरातल्या कात्रीने स्वतःचे केस कापले होते. आईने चार दिवस अबोला धरला. पण त्याच आठवड्यात तिने वर्गात पहिल्यांदा हात वर केला, आणि तो पुढे खाली आला नाही.

आणि आज त्याच बाईकडे ती खोटं बोलून आली होती.

चाळीस वर्षांच्या कारकिर्दीवर विशेष पुरवणी काढतोय, असं तिने फोनवर सांगितलं होतं. पुरवणी-बिरवणी काही नव्हती. नामवंत माणूस म्हातारा किंवा आजारी झाला की वर्तमानपत्रं त्याच्यावरचा मृत्युलेख आधीच लिहून घेतात आणि कपाटात ठेवतात. वेळ आली की तारीख भरायची, छापायचं. करवतीच्या फुप्फुसांचं काही खरं नाही, अशी कुणकुण तिच्या वर्तमानपत्राच्या संपादकांना लागली होती. तू तिची जुनी चाहती, तूच लिही, आणि जरा हात चालव, ते म्हणाले. बाळंतपणानंतर आलेलं पहिलं काम. 'नाही' हा शब्द घशापर्यंत आला आणि तिथेच विरघळला.

गायिका तीन तास बोलली. बंद पडलेल्या लाँड्रीत केलेला पहिला सराव, रेडिओवाल्यांनी घातलेली बंदी, पाय प्लॅस्टरमध्ये असताना खोक्यावर बसून केलेला अख्खा दौरा. मध्येच पोरीने भोकाड पसरलं, तेव्हा तिला मांडीवर घेऊन गायिकेने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की सुराचं जाऊ दे, कळकळ खरी आहे.

जिना उतरताना तिला वाटलं, यजमानांनी पोटभर जेवू घालावं आणि आपण त्यांचंच ताट पिशवीत घालून निघावं, तसं झालंय हे.

पोरगी झोपायची तेवढ्या वेळात तिने आठ दिवसांत लेख लिहिला. 'ती सुरात गात नाही म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की घराला आग लागल्यावर ओरडणाऱ्याला कुणी सूर विचारत नाही.' असं एकेक वाक्य हाताला लागत गेलं. संपादकांनी लेख वाचला, चष्मा काढला, एक अक्षर कापवत नाही म्हणाले आणि कपाटात ठेवून दिला.

मग सुरू झालं वाट बघणं. रोज सकाळी पोरीच्या दुधाआधी ती बातम्या उघडायची. काळजीपोटी, असं स्वतःला सांगायची. लस टोचायला गेली तेव्हा पोर गुटगुटीत निघाली. डॉक्टरीणबाई मात्र आईकडेच बघत राहिल्या आणि त्यांनी तिला रक्त तपासायची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी पिशवीतल्या लंगोटांखाली गेली. आईला कुठली सवड!

एके दिवशी बातमी आली. गायिका रुग्णालयात, प्रकृती गंभीर.

पहिला विचार मनात आला तो असा: रविवारपर्यंत झालं, तर पूर्ण पान मिळेल.

विचार आला आणि गेला, पण जाताना तिचं तोंड काळं करून गेला. ती न्हाणीघरात जाऊन धुतलेलीच दुपटी पुन्हा धूत बसली. डोळे का लाल, असं नवऱ्याने विचारलं, तर साबण गेला म्हणाली.

बाराव्या दिवशी गायिका घरी आली, ठणठणीत. पुरवणी कधी येतेय, म्हणून तिचा फोन आला. एकदा टोलवला, दोनदा टोलवला. तिसऱ्यांदा मात्र लेखाची प्रत घेऊन ती त्या जिन्यापाशी गेली. प्रत्येक मजल्यावर टेकत, मनातल्या मनात वाक्यं जुळवत वर पोचली, आणि जुळवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

"ताई, पुरवणी नाहीये. तुम्ही गेल्यावर छापायचं आहे हे. आणि तुम्ही रुग्णालयात होता ना, तेव्हा मला... मी वाट बघत होते."

हात पुढे करून गायिकेने लेख घेतला, चष्मा लावला, पेन्सिल शोधली. पानं उलटताना दोनदा हसली, एकदा नाक पुसलं.

"दुसरा ड्रमर सोडून गेला नव्हता, मी हाकलला त्याला. तेवढं नीट कर." शेवटच्या पानावर ती थांबली. "इथे जागा मोकळी का?"

"कारण. ते नंतर भरतात," ती खाली मान घालून म्हणाली.

"म्हातारपण, असं लिहून टाक. तेवढी थांबेन मी. आणि रडू नकोस. स्वतःच्या मयताचं एवढं चांगलं कुणाला वाचायला मिळतं? मलासुद्धा वाट बघावीशी वाटायला लागली."

लाज गेली नाही, पण आता ती एकटीने वाहायची नव्हती. निघताना गायिकेने पोरीचा गालगुच्चा घेतला आणि आईला बजावलं, की लेख छापून आला की पहिला अंक स्वतःसाठी राखून ठेव.

लेख छापून आला तो रविवारीच. पूर्ण पान, वर करवतीचा ओरडतानाचा मोठा फोटो, ड्रमरचं वाक्य दुरुस्त केलेलं, बाकी एकही अक्षर न कापलेलं. खाली लेखिकेचं नाव आणि त्याखाली बारीक टाइपात संपादकीय टीप: 'या लेखाच्या लेखिकेचे बावीस वर्षांपूर्वी निधन झाले.'