ई फॉर यग्गु

पत्र्याच्या पलीकडून तिसरीची पोरं ओरडली, “ई फॉर यग्गु!” आणि इकडे पाचवीला भागाकार शिकवणाऱ्या बसवप्रभु मास्तरांचा खडू फळ्यावर थांबला. रोज याच ओळीला थांबतो. पोरांनाही सवय झाली आहे. मास्तर खिडकीबाहेर बघतात तोवर ती एकमेकांना चिमटे काढून घेतात.

दोन वर्गांच्या मध्ये नुसता पत्रा. या उन्हाळ्यात मास्तरांची बायको नेत्रावती वारली, तोवर पलीकडे तीच इंग्रजी शिकवायची. माहेर पार कन्नड मुलखातलं, त्यामुळे एगचं यग्गु, बसचं बस्सु. शब्दाला उकाराचं शेपूट लावल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. मास्तर घरी चिडवायचे. तर ती म्हणायची, “आपल्यात कुणी जन्मात अंडं शिवलं न्हाई. ज्याला हात लावला न्हाई त्याचं नाव चुकलं तर काय पाप लागतंय व्हय?”

बाई गेली, शेपूट राहिलं. पोरं सगळी मराठी घरांतली, पण ‘यग्गु’ म्हणताना त्यांच्या तोंडून नेत्रावतीच बोलायची. ऐकून मास्तरांचा जीव जळायचा आणि निवायचाही. त्या एका ओळीसाठी ते शाळेत येत होते, खोटं कशाला बोला.

तास संपता संपता नव्या विभाबाई दारात आल्या. लातूरची लेक, लग्न होऊन इकडे आलेली, स्वभावानं गरीब.

“सर, जरा आमच्या वर्गात येता का? अंबिका बोलायचीच बंद झालीय.”

अंबिकेला परवा बसवकल्याणला इंग्रजीच्या स्पर्धेला नेलं होतं. पोरगी धीट, आवाज खणखणीत. स्टेजवर उभी राहून ‘यग्गु’ म्हणाली आणि सगळा हॉल खो खो हसला. हसणाऱ्याचं तोंड धरता येतं का? तेव्हापासून पोरगी इंग्रजीच्या तासाला ओठ दाबून बसते.

“मी रोज सांगते, एग म्हणा,” विभाबाई खाली बघत म्हणाल्या. “पण पोरं म्हणतात, नेत्राबाईंनी असंच शिकवलंय. माझं ऐकत नाहीत सर. तुमचं ऐकतील. तुम्हाला हे सांगायला जीभ रेटत नव्हती, पण त्या पोरीकडं बघवत नाही.”

मास्तरांनी खडू खिशात टाकला आणि ते त्यांच्यामागून गेले.

तिसरीचा वर्ग उभा राहिला. अंबिका शेवटच्या बाकावर, मान खाली घातलेली. मास्तर तिच्याजवळ गेले.

“कामून बोलना झालीस गं?”

“लोक हसायलेत,” ती म्हणाली. मग हळूच विचारलं, “सर, बाईंनी चुकीचं शिकवलं का?”

विभाबाईंनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. “राहू द्या सर,” त्या म्हणाल्या.

‘न्हाई’ म्हणणं किती सोपं होतं! एवढं म्हटलं असतं तर ती ओळ उद्याही ऐकायला मिळाली असती, परवाही. पण पोरगी तोंडाकडे बघत होती.

“व्हय बाळ,” ते म्हणाले. “बाईंचं चुकलं होतं. तू न्हाई चुकलीस. म्हण बघू, एग.”

“एग.”

“आता समदे म्हणा.”

“ई फॉर एग!”

पोरांचं काय, नेत्राबाईंच्या नवऱ्यानंच सांगितल्यावर एका दमात बदललं सगळं. अंबिका तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडली. तिचा चेहरा फुललेला मास्तरांनी पाहिला. त्यांना बरं वाटलं, पण तिथं न थांबता ते आपल्या वर्गाकडे वळले.

मधल्या सुट्टीत जेवणात अंडी होती. शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या गुरुबाई स्वतः कधी वर्गात बसून शिकलेल्या नाहीत. त्यांचं इंग्रजी म्हणजे एकच शब्द, तोही चूल फुंकता फुंकता नेत्रावतीच्या वर्गातून ऐकलेला. डाव पातेल्यावर आपटत त्या ओरडल्या, “या रे या! यग्गु घ्या, यग्गु!”

मास्तर नळावर हात धुवत होते. ते तिथंच थबकले. डोळे भरून आले, पण ओठावर हसू होतं. चला, एक तोंड तरी राहिलं.

रांगेत पहिली अंबिका. ताट पुढं करून ती म्हणाली, “मावशी, यग्गु न्हाई. एग.”

“चल गं, मोठी आली शहाणी! नेत्राक्काचं ऐकून शिकलेय मी.”

“पण बाईंचं चुकलं होतं. सरांनीच सांगितलंय.”

गुरुबाईंनी डाव खाली ठेवला. नळाकडे बघितलं.

“व्हय वो मास्तर? नेत्राक्काचं चुकलं होतं?”

रांग थांबली. पोरं मास्तरांकडे बघायला लागली. नळ तसाच वाहत होता.

“व्हय,” मास्तर म्हणाले.

गुरुबाईंनी पातेल्यातून एक अंडं काढलं आणि अंबिकेच्या ताटात ठेवलं.

“घे मग,” त्या म्हणाल्या, “एग.”