पाठमोरी

प्रदर्शनात ती बाई माझ्या एकाच चित्रासमोर तासभर उभी होती. चित्रात एक मुलगी पाठमोरी बसलेली, मानेवर सैल अंबाडा, उजवा खांदा जरा उतरलेला. मी चेहरे रंगवत नाही. चेहरा दिसला की लोक माणूस बघतात, उदासी बघत नाहीत, असं मी नुकतंच एका पत्रकाराला ऐकवलं होतं.

"ही आमची वैजू," बाई म्हणाली. "दोन वर्षं झाली घर सोडून. लहानपणी झाडावरून पडली, तेव्हापासून खांदा असाच." तिनं पिशवीतून फोटो काढला. "हीच बसली होती ना तुमच्यापुढं?"

चार दिवस ती मुलगी माझ्या खिडकीकडं तोंड करून बसली होती. तिचा मणका न् मणका मी आजही डोळे मिटून काढीन. नाव मात्र विचारलं नव्हतं. फोटोतल्या चेहऱ्याकडं मी बघत राहिलो.

"मला नाही सांगता येणार," मी म्हणालो. "चेहरा आठवत नाही."

बाईनं चित्रातल्या त्या खांद्यावर हलकेच हात ठेवला.

"मग तिला एकदा इकडं वळवून काढा. मी ओळखते."