आतोबांचा आवाज

स्फाक्स शहरातल्या झुहरा आत्याचा कॉम्प्युटर सुरूच होईना. मी घाईघाईत त्यातलं सगळं पुसून सिस्टीम नव्यानं टाकली. स्क्रीन उजळली, तशी आत्या खूश झाली.

"रमझी, आता तुझ्या आतोबांनी केर्केना बेटाला जाणाऱ्या बोटीवर म्हटलेलं गाणं लाव. ते गेल्यापासून रोज सकाळी तेच ऐकते मी."

ते गाणंही मी पुसलेल्यातच गेलं होतं. पुसण्याआधी तिला विचारायला हवं होतं.

"आत्या, ते... मी यायच्या आधीच उडालं होतं."

ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू कशाला तोंड पाडतोस? परवा कॉम्प्युटर अडकला तेव्हा मीच रागानं बंद करायचं बटण दाबलं. माझ्याच हातानं गेला रे त्यांचा आवाज."

मी तिला तसंच समजू दिलं.