धुरपदाबाईंची सही

“उत्पन्नाच्या दाखल्यावर अंगठा अन् शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही? बाई एकच ना?” विद्यापीठाच्या खिडकीतला कारकून म्हणाला. “अर्ज बाद होईल. आज शेवटची तारीख.”

धुरपदाबाईंनी लेकीकडे पाहिलं. दाखला काढल्यानंतर कांचननं उन्हाळाभर हात धरून आईला अक्षरं अन् सही शिकवली होती.

“सही माझी न्हाई, साहेब. शेजारणीनं केली,” धुरपदाबाई म्हणाल्या. “मला कुठं लिहाया येतंय?”

कारकून हसला. त्यानं कोरा अर्ज आणि शाईचा पॅड पुढे केला. कांचननं तो पुन्हा भरला, अंगठा उमटला, अर्ज जमा झाला.

बाहेर आल्यावर कांचन एवढंच म्हणाली, “चांगली मास्तरीण निघाले मी.”

स्टँडवर बस लागली, तेव्हा धुरपदाबाईंनी एकेक अक्षर जुळवत, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात बसची पाटी वाचली.

कांचन दुसरीकडे बघत राहिली.