मधली दोन पाने

बारा वर्षांनी माझी कथा स्वीकारली गेली, पण मासिक आता फक्त ऑनलाइन निघते. तीन दिवस मी वर्गणी भरत होतो. मराठी मासिकाच्या अर्जात मराठीत लिहिलेले नाव चालेना. ओटीपी यायचा तोवर त्याची मुदत संपलेली असायची. शेवटी पैसे कापले गेले, अंक मात्र उघडला नाही. मलाच जमत नसणार, असे वाटून मी एरंडोलच्या भाईदासभाऊंना फोन लावला. माझ्या आग्रहावरून त्यांनीही वर्गणी भरली होती.

"भाऊ, कथा दिसली का?" मी भीत भीत विचारले.

"दिसनी ना, नाना! बठ्ठी वाची काढी. शेवटले डोयामा पानी उनं. फक्त मझारमा जराशी लांबी गयी."

मधला भाग लांबल्याची शंका मलाही होतीच. त्याच दुपारी मी माझ्या हस्तलिखित प्रतीतली मधली दोन पाने फाडून टाकली.

संध्याकाळी संपादकांचा निरोप आला : "वेबसाइटच्या बिघाडामुळे हा अंक अजून एकाही वर्गणीदाराला उघडता आलेला नाही. क्षमस्व."